परक्या पोरासाठी एक खोली

आमच्या जाऊबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते आणि त्या खुशाल हसतात. लग्न होऊन या घरात आले, त्याच आठवड्यात माझ्या माहेरची सगळी भांडणं गल्लीभर कळली, कारण एका दुपारी भाजी निवडता निवडता मी ती जाऊबाईंना सांगून बसले होते. जाब विचारला तर म्हणाल्या, "अगं, त्यात लपवायचं काय? सगळ्यांच्याच घरी भांडणं असतात." तेव्हापासून आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात वावरतो, पण मी त्यांच्याशी शक्यतो हवापाण्याच्याच गप्पा मारते.

जाऊबाई कॉलेजच्या मागच्या गल्लीत, कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करतात. पुढच्या खोलीत भिंतीला लागून मशीनं आहेत, त्यात नाणी टाकून विद्यार्थी आपापले कपडे धुतात. मागे पडद्याआड जाऊबाईंचं टेबल, वाफेची इस्त्री आणि दांडीवर टांगलेले दुनियेचे शर्ट. दिवसभर उभं राहून त्यांच्या पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्यात. मालक अधूनमधून येतो, नाणी गोळा करतो नि जातो, त्यामुळे दुकान त्यांचंच असल्यासारखं.

त्या दुकानात परदेशातून शिकायला आलेली पोरं यायची. ही पोरं पैसेवाली असतात असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटायचं. विमानात बसून येणाऱ्याला कसली आलीय ददात? पण जाऊबाई घरी येऊन एकेकाची हकिगत सांगायला लागल्या आणि आमचा तो समज गळून पडला. कुणाच्या बापाने घर गहाण टाकलेलं, कुणाच्या देशात अचानक धुमश्चक्री होऊन घरून पैसे यायचे बंद झालेले. एक पोरगी तर एकच शर्ट घेऊन मशीनपाशी उभी राहायची, कुणाचं मशीन भरलं नसेल तर त्यात टाकू द्याल का म्हणून विचारायला.

अशा पोराला जाऊबाई आधी विचारायच्या, "जेवलास का रे?" मग विचारायच्या, "राहतोस कुठे?" आणि मग, "घरी कोण कोण असतं?" तिथवर आलं की पोर हमसून हमसून रडायचं, आणि जाऊबाई कंबर कसून कामाला लागायच्या. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला त्यांनीच पटवलं होतं. संध्याकाळी उरलेले पाव तो पिशवीत भरून दुकानात पाठवायचा. गरजूंना शिधा वाटणारी एक संस्था होती. इथलं ओळखपत्र असल्याशिवाय तिथे दाणा मिळत नसे. तिथल्या बाईसमोर जाऊबाई ठाण मांडून बसल्या, त्या शर्टवाल्या पोरीची कहाणी सांगितली, आणि डाळ-तांदळाची पिशवी घेऊनच उठल्या.

त्यांची पद्धत एकच. कहाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, हातचं काही राखायचं नाही. "अर्धवट सांगितलं की लोक अर्धवट देतात," असं त्या मला शिकवायच्या. आणि खोटं कशाला बोलू, त्यांची पद्धत लागू पडायची.

मग लंबू आला. हे नाव आमच्या घरात पडलेलं. दारातून आत येताना मान वाकवायचा, इतका उंच. पूल बांधायचं शिकत होता आणि शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. ती दिली की पदवी, पदवी मिळाली की नोकरी, आणि नोकरी लागली की घरच्या धाकट्या भावंडांच्या तोंडात घास. त्याचं सगळं घर त्या एका परीक्षेकडे डोळे लावून बसलं होतं.

कपडे वाळले तरी हा पठ्ठ्या बाकावरून उठायचा नाही. दर वेळी धुवायला रजईही आणायचा, आणि शर्टाच्या खिशात दात घासायचा ब्रश. जाऊबाईंनी विचारलं, "राहतोस कुठे?" "मित्राकडे," म्हणाला. पुढच्या खेपेला विचारलं, तेव्हाही मित्रच. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. जाऊबाईंनी त्याच्यासमोर गरम चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुझा तो मित्र तुला उशी देत नाही का रे? मानेला लचक भरलीय तुझ्या." तेव्हा पोरगं फुटलं.

कारखान्यात बापाचा हात मशीनमध्ये गेला होता. पैसे बंद, म्हणून खोली सुटली. कॉलेजात त्याच्या विभागात पुलांचे नमुने ठेवायची सामानाची खोली होती, तिथे पुठ्ठे अंथरून झोपायचा. खेळाच्या मैदानावर आंघोळ करायचा. एका हॉटेलात भांडी घासायचा, पण परदेशी विद्यार्थ्याला जेवढे तास काम करायची परवानगी असते, त्याहून कितीतरी जास्त. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "मावशी, कुणाला सांगू नका."

"छे रे! मी कशाला सांगते?" असं म्हणून जाऊबाई घरी आल्या, आणि पोळ्या वाढता वाढता आम्हा सगळ्यांना सांगून मोकळ्या झाल्या.

माझे यजमान लगेच म्हणाले, "आपल्याकडे जागा नाही हं." कुणी विचारायच्या आतच! पण जागा खरंच नव्हती. एका खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दुसरीत आम्ही सगळे, आणि मुलं अभ्यासाला स्वयंपाकघराच्या ओट्याखाली. मुंगी शिरली तरी तिला तिरकं उभं राहावं लागलं असतं.

मग जाऊबाईंनी अख्खी वस्ती पालथी घातली. एका निवृत्त मास्तरांचा वरचा मजला रिकामा होता. त्यांनी कहाणी ऐकली, डोळे पुसले, "मुलाला विचारावं लागेल" म्हणाले आणि आपला जुना कोट दिला. खोल्या भाड्याने देणाऱ्याला जामीन हवा होता. जाऊबाई म्हणाल्या, "मी राहते जामीन." त्याने विचारलं, "आणि तुम्हाला जामीन कोण?" एका एकट्या बाईंनी आधी हो म्हटलं, संध्याकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला, म्हणे आईचं वय झालंय, तिला भरीला घालू नका. जो तो काहीतरी द्यायचा. कोट, घोंगडी, लोणच्याची बरणी, एक टेबलाचा दिवा. खोली सोडून सगळं मिळालं. आणि ते ठेवणार कुठे? आमच्याच जिन्याखाली. मी करवादले, "अहो जाऊबाई, पोराला खोली शोधताय की आपल्या घराचं गोदाम करताय?"

शेवटी बेकरीवाल्याने सुचवलं, की कॉलेजातच परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक कचेरी आहे, तिथली अधिकारी बाई भली आहे. जाऊबाईंनी सुट्टी काढली. त्यांना लिफ्टची भीती वाटते, म्हणून मला सोबत नेलं, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे चार जिने मीही चढले.

बाई खरंच भली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर गल्लीत सगळ्यांनी तिला शिव्याशाप दिले. तिने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, दार लोटून घेतलं. जाऊबाईंनी सुरुवात केली. बापाचा हात, बंद झालेले पैसे, सुटलेली खोली, तोंडावर आलेली परीक्षा. बाई मन लावून ऐकत होती. म्हणाली, "अडचणीतल्या मुलांसाठी थोडा निधी असतो आमच्याकडे. परीक्षेपर्यंत वसतिगृहात सोय होऊ शकेल. त्याला माझ्याकडे पाठवून द्या."

इथे थांबायचं होतं. देवाशप्पथ, इथे थांबल्या असत्या तर! मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय मागे घेतला आणि म्हणाल्या, "थांब गं, मुख्य तर राहिलंच."

आणि सांगितलं. सामानाच्या खोलीत झोपतो. रखवालदार फेरी मारून गेला की खिडकीतून आत उतरतो. हॉटेलात भांडी घासतो, तेही परवानगीपेक्षा दुप्पट तास. पोराचं नाव, वर्ग, हॉटेल कुठलं तेसुद्धा. मोठ्या कौतुकाने सांगत होत्या, पोरगं किती कष्टाळू आहे ते कळावं म्हणून.

बाईचा चेहरा उतरला. कपातला चहा तसाच राहिला. हळूच म्हणाली, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"का बरं?"

"कारण आता मी ऐकलं. हे कानावर आलं की मला वर कळवावंच लागतं. गप्प बसले आणि उद्या बाहेर पडलं, तर माझी नोकरी जाईल."

जाऊबाई हसल्या. त्यांना वाटलं, बाई चेष्टा करतेय. "मग नाही सांगितलं असं समजा."

बाई हसली नाही.

जिना उतरताना जाऊबाई सारख्या म्हणत होत्या, "नाही कळवायची ती. लेकुरवाळी आहे गं."

तिने कळवलं. सामानाच्या खोलीला कुलूप लागलं आणि लंबूची इथे राहायची परवानगी रद्द झाली. परीक्षा सुरू व्हायच्या आत त्याने देश सोडायचा होता. जाऊबाई पुन्हा त्या कचेरीत गेल्या, हातापाया पडल्या. बाईच रडायला लागली, आता आपल्या हातात काही नाही म्हणाली. तिथून वकिलाकडे, संस्थेच्या बाईकडे, कॉलेजच्या मोठ्या साहेबांच्या दारात. सगळ्यांनी बसवून घेतलं आणि ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात कुणी कमी पडलं नाही.

आणि अशातच मास्तरांचा फोन. "मुलगा हो म्हणाला हो! वरची खोली झाडून ठेवलीय. पोराला आजच पाठवा." जाऊबाईंनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. मास्तरांना खरं काय ते सांगायलाही मलाच जावं लागलं.

जायच्या दिवशी लंबू दुकानात आला. जाऊबाईंनी त्याचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवले होते. मी त्याचा डबा घेऊन गेले होते. जाऊबाई घड्या पिशवीत रचत होत्या, काढत होत्या, परत रचत होत्या. जगाला सगळं सांगत सुटणारी बाई, पण त्या पोराला एवढी एक गोष्ट सांगायला त्यांची जीभ उचलत नव्हती.

तोच म्हणाला, "मावशी, मला माहीत आहे. मी दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं."

जाऊबाईंनी त्याचा हात धरून आपल्या गालाशी नेला. "मार मला. दोन थोबाडीत मार, पण असा शांत उभा राहू नकोस रे."

त्याने हात सोडवून घेतला. रागाने नाही, अगदी हळू. "इथे आल्यापासून तुम्हीच एकट्यांनी विचारलंत," तो म्हणाला. "सांगून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. त्या दिवशी झोपही छान लागली." मग त्याने पिशवी खांद्याला लावली, मान वाकवली आणि दारातून बाहेर पडला.

त्यानंतर जाऊबाई कामाला जातात, येतात, जेवतात. पाव अजून येतात, ज्याला हवे तो नेतो. परवा मी दुकानात बसले होते. त्या शर्टवाल्या पोरीच्या मागे लागलेलं शुक्लकाष्ठ काही संपलं नसावं, डोळे रडून सुजले होते तिचे. पडद्याशी येऊन म्हणाली, "मावशी, एक सांगायचं होतं."

जाऊबाईंनी इस्त्री उचलली. "मला नको सांगूस, बाळा. पाव हवे तर घेऊन जा."

पोरगी वळली आणि दाराकडे निघाली. मला राहवेना. म्हटलं, "अहो, ऐकून तरी घ्या तिचं!"

"नको," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्याजवळ बोलेल आणि आयुष्यातून उठेल."

मी उठून बाहेर आले, तिला हाक मारायला. पोरगी गल्लीत कुठेच दिसली नाही. पाव तिने नेले नव्हते.