दोन पेन्सिल सेलची बॅटरी

आमच्या गावात बॅटरी म्हणजे पुरुषांची वस्तू. मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, तीन सेलची होती, पितळी आणि वजनदार. कुणी नवी आणली की सांजेला आमच्या ओट्यावर तिची परीक्षा व्हायची. झोत मारुतीच्या कळसावर गेला तर बॅटरी पास. वेशीबाहेरच्या चिंचेवर गेला तर मालक दोन दिवस मिशीला पीळ देत हिंडायचा. सेल उतरले की माझ्या सासूबाई, आत्याबाई, ते दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवायच्या. मी दाराआडून सगळं बघायचे आणि मनात म्हणायचे, कळसावर काय इच्चू चावणार हाय का तुमाला?

राग यायचं कारण होतं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्याच साली मी ह्या घरात आले. एसटी आज चालू, उद्या बंद. पंचमीला भाऊ न्यायला येणार होता, तो आलाच नाही. पालमला बापाच्या घरी परड्यात पत्रे ठोकून केलेला का होईना, संडास होता. इथं गोदरी, बायांची उघड्यावर बसायची जागा, पिंगळी स्टेशनच्या वाटेला लागून ओढ्याच्या अलीकडं. पहाटे दिस उगवायच्या आत आणि सांजेला दिवेलागणीनंतर, दोनदाच जायचं, तेही सगळ्या बायांनी मिळून. मधल्या वेळी पोट दुखो नाहीतर फुटो. मी दुपारचं पाणी सोडलं. भाकरी अर्धी केली. लघवीला आग व्हायला लागली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "सवय होईल." मला रडू यायचं. घराला दोन दारं होती आणि दोन्ही उघडी असायची, पण मी आत कोंडलेली होते.

गोदरीचा एक कायदा होता. उजेड पडला की उठायचं. वाटेनं बैलगाडीचा कंदील येवो की कुणाची बॅटरी, सगळ्या बाया ताडकन उभ्या राहायच्या, म्हाताऱ्यासुद्धा. माणूस गेला की पुन्हा बसायच्या. काही मेले मुद्दाम झोत फिरवत रेंगाळायचे. एकच जण तसा नव्हता. बौद्धवाड्यातला, चष्मेवाला, परभणीला कुठल्याशा हापिसात कारकून. रोज सांजेच्या गाडीनं पिंगळीला उतरून पायी गावात यायचा. ओढा जवळ आला की तो आपली बॅटरी विझवायचा, दोनदा खोकायचा आणि अंधारात चिखल तुडवत निघून जायचा. तो खोकला ऐकला की कुणी उठायचं नाही.

आमचे हे परभणीला जिनिंगमध्ये कामाला होते, शनिवारचे यायचे. एका शनिवारी मी सरळ सांगितलं, "मला बॅटरी पाहिजे. लहान. न्हाईतर मी जेवणच सोडते." ते आधी हसले, मग माझं तोंड बघितलं. पुढच्या शनिवारी त्यांनी खिशातून काढून दिली. दोन पेन्सिल सेलची, मुठीत मावणारी. "आईला दाखवू नको," एवढंच म्हणाले.

मी ती तपासली ती बाईच्या गरजेनं. भर दुपारी धान्याच्या अंधाऱ्या खोलीत शिरले आणि दार लोटलं. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पातळाचा घोळ, मग बॅटरी धरायची कुठं? दातात. धरून बघितली. पत्र्याची चव लागली, पण जबडा दुखला नाही. मामंजींची दातात धरली असती तर दातच खाली आले असते. मग जमिनीवर चऱ्हाटाचा तुकडा टाकला, तो साप. करगोट्याची काळी गाठ टाकली, तो विंचू. दोन पावलांवरून दोन्ही स्वच्छ दिसले. उजेड लांब जात नव्हता, समोरच्या भिंतीला पोचता पोचता दमायचा. जाईना का, मला कुठं कळस गाठायचा होता! बटण टक्कन वाजायचं, त्यावर चिंधी गुंडाळली. तांब्यातलं पाणी ओतून बघितलं, पुसली, तरी लागली. बाई गं, काय आनंद झाला मला! त्या दिवशी मी दुपारी दोन तांबे पाणी प्यायले.

आणि त्याच सांजेला घात झाला. पाऊस होऊन गेला होता. जागा बघत पुढं सरकताना पायाला गार, लिबलिबीत काहीतरी लागलं. बॅटरी दातातच होती, मी बटण दाबलं. बेडूक होता. पण मान दचकून वर झाली आणि उजेड सगळ्यांच्या अंगावरून फिरला. एका दमात वीस बाया उभ्या राहिल्या. गुडघ्यानं अधू असलेली एक म्हातारी उठता उठता चिखलात पडली आणि तिनं तोंडाचा पट्टा सोडला. "कोन हाय रे मुडद्या? आया-बहिनी न्हाईत का तुला?"

मी बॅटरी विझवून पोलक्यात कोंबली आणि त्यांच्याबरोबर उभी राहिले. "अवं, मीच हाय," एवढं म्हणायचं होतं. पण मी पदर पुढं ओढून घेतला. म्हातारी कण्हत होती, बाकीच्या शिव्या देत होत्या, आणि नेमका तेवढ्यात वाटेवरून तो दोनदा खोकल्याचा आवाज आला.

"ह्योच त्यो," कुणीतरी म्हणालं.

"त्यो तर रोज इझवून येतो की."

"आज न्हाई इझवली."

मी मान खाली घालून घरी आले. वाटलं, सकाळपर्यंत विसरतील.

सकाळी ओटा माणसांनी भरलेला. एरवी बायांच्या गोदरीचं नाव पुरुष तोंडातून काढत नसत. पण ते दिवस वेगळे होते, निमित्तच पाहिजे होतं. "हापिसात बसायलेत तवापासून लय माजलेत," एकजण म्हणाला. सांजेला वाटेवर गाठायचा असं ठरायला वेळ लागला नाही. मी आत पीठ मळत होते. तशीच उठले. मी आत्याबाईंना सगळं सांगून टाकलं, बॅटरीसकट. "गप बैस," त्या म्हणाल्या. "घरची सून बायांवर बॅटरी मारती असं गावानं म्हनावं व्हय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. लग्न झाल्यापासून मी मामंजींपुढं एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं तर आत्याबाईंमार्फत. पदर डोक्यावरून ओढला, दाराच्या आडून पिठाचा हात बाहेर काढला, हातात बॅटरी. "मामंजी, काल उजेड मी पाडला हुता. ही बघा बॅटरी."

कुणीतरी बॅटरी माझ्या हातातून घेतली. ती हातोहात फिरली. मामंजी उठले, चारजण त्यांच्या मागं गेले, सगळे अंधाऱ्या गोठ्यात शिरले. त्यांनी बटण दाबलं आणि पलीकडच्या भिंतीवर धरलं. भिंतीवर काहीच दिसलं नाही. बाहेर आले ते हसतच.

"ह्या काजव्याला इस बाया उठत्यात व्हय?"

"भोळी हाय पोरगी."

"त्याची दया आलीया तिला."

मामंजींनी बॅटरी बंडीच्या खिशात टाकली आणि आत बघून म्हणाले, "सूनबाईला आत घ्या." एवढंच. माझी बॅटरी त्यांच्या परीक्षेत नापास झाली होती, म्हणून गुन्हा त्याचा ठरला. अंधारात बसलेल्या बाईला काजवाही पुरतो, हे त्यांना कोण सांगणार? वीस बाया गावात होत्या. प्रत्येकीला ठाऊक होतं की तो माणूस कसा येतो आणि कसा जातो. एकीनंही तोंड उघडलं नाही.

त्या सांजेला आम्ही नेहमीसारख्या गोदरीला गेलो. न जाऊन सांगता कुणाला? खोकला ऐकू आला नाही. ओढ्यापलीकडून आरडाओरडा आला, मग एकाच माणसाचं ओरडणं. पडलेली म्हातारी माझ्या शेजारी होती. ती पुटपुटली, "आता बास करा रे." पण ते आम्हालाच ऐकू आलं. कुणी उठलं नाही. उजेड पडला नव्हता ना.

महिन्याभरानं परभणीहून पालमची एसटी सुरू झाली तेव्हा माहेरी जायला मिळालं. मामंजी मला रेल्वेनं परभणीपर्यंत सोडायला निघाले. पिंगळीच्या स्टेशनवर तो उभा होता. उजवा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला, डोळ्यांवरचा चष्मा नाही. त्यानं आम्हाला येताना पाहिलं. मामंजींना पाहिलं, त्यांच्या मागं डोक्यावर पदर घेतलेली बाई पाहिली, आणि तो तसाच मागं वळून स्टेशनच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बाईकडं बघितलं नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

"कसा सरळ झालाय बघ," मामंजी म्हणाले.

त्याच्यात आणि माझ्यात चार पावलं होती. मी म्हणू शकले असते. मी मामंजींच्या मागंच उभी राहिले. गाडीला उशीर होता. ती येईपर्यंत सगळा वेळ तो भिंतीकडं तोंड करून उभा होता.