म्हशीसकट माहेरी

म्हैस पाळण्यात मोठं सुख असतं असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. म्हणणाऱ्यानं शेण काढलेलं नसतं. मी चौथी शिकलेली बाई, मला सजवून लिहिता येत नाही. माझ्या संसारातली पहिली म्हैस कशी होती आणि तिच्यापायी माझ्या एकुलत्या एका भावाच्या लग्नात काय झालं, तेवढं सांगते.

माझं सासर पाटसजवळ, वाडीवर. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि विधवा सासूबाई. बैलजोडी होती, थोडं जिराईत रान होतं. दिवाळीच्या आधी नवऱ्यानं बाजारातून गाभण म्हैस आणली. काळीभोर, शिंगं मागं वळलेली, दिसायला देखणी. आल्यावर महिनाभरात ती व्याली आणि आठव्या दिवशी रेडकू मेलं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, दूध वर चढवून ठेवते. मग पेंडीची पाटी पुढं धरून, मानेखाली खाजवत, चुचकारत मीच तिच्यापाशी बसले, कारण बाकीच्यांना वेळ नव्हता. अखेर तिनं पान्हा सोडला. सासूबाईंनी माझं कौतुक केलं. त्यानंतर कधी केल्याचं आठवत नाही.

चूक तिथंच झाली. म्हैस एकहाती झाली. म्हणजे माझा हात सोडून दुसऱ्या कुणाला ती सडाला हात लावू देईना. सासूबाई बसल्या तर लाथ. नवरा बसला तर लाथ आणि वर शेपटीचा तडाखा. एकदा तो माझं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसला. म्हशीनं मान वळवली आणि त्याच्याकडं बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली की शेवटी तोच लाजून उठला.

दर वेळी एक धार चुकली की सासूबाई घाबरायच्या. दूध पाटसच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात जायचं, तिथं लॉरीवाले चहाला थांबत. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, तूच बस गं बाई. आटंल ती," म्हणायच्या आणि धारेची चरवी पुन्हा माझ्या हातात. संक्रांतीला माहेरी जाणं झालं नाही. यात्रेला झालं नाही. अंगात ताप होता तेव्हा कांबळं पांघरून धार काढली. म्हैस मात्र ठणठणीत.

वैशाखात भावाचं लग्न निघालं. माझं माहेर घोड नदीच्या काठी, इनामगावच्या बाजूला. मुलीकडचे आमच्या दारात येऊन लग्न लावणार होते. नवऱ्यामुलाच्या पाठीशी कऱ्हा आणि दिवा घेऊन करवलीनं उभं राहायचं असतं, आणि भावाला बहीण मी एकटीच. वडील स्वतः मुराळी म्हणून गाडी घेऊन मला न्यायला आले.

"इहीणबाई, लेकीला धाडा. चार दिस ऱ्हाऊ द्या."

"न्या की. मी का धरून ठिवलीय?" सासूबाई म्हणाल्या. "पर म्हशीचं काय?"

"म्हशीचं काय म्हंजी?"

"हिच्याबिगर ती कुणाला दूध देत न्हाई. चार दिस धार चुकली तर आटंल. तवा असं करा, आक्षता पडल्या की सांच्याला हिला माघारी आणून सोडा."

"आवं, मधी भीमा हाय! बैल हायेत का इमान?"

"मग तुमीच सांगा इलाज."

वडील चिडले होते. ते म्हणाले, "इलाज काय, म्हैसबी चालू द्या संगं. तिलाबी आहेर करतो."

ते चेष्टेनं बोलले. सासूबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "चालंल. हॉटेलवाल्याला मी सांगते चार दिस दूध न्हाई म्हनून. पेंड मात्र तुमच्याकडची."

मी नवऱ्याकडं बघितलं. 'जा तू, मी बघतो म्हशीचं' एवढंच त्यानं म्हणायचं होतं. तो उठला आणि म्हणाला, "दावं जुनं झालंय. नवं लावून देतो."

असा आमचा लवाजमा निघाला. पुढं गाडी, गाडीत नवं लुगडं नेसलेली मी, आणि मागं दाव्याला म्हैस. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, "आबा, म्हैस इकत घेतली व्हय?" वडील म्हणायचे, "न्हाई, करवली हाय." दोनदा मी हसले. तिसऱ्यांदा तोंड फिरवून बसले.

भीमेत त्या दिवसांत गुडघाभर पाणी होतं, पण गाड्या नदी पार करायच्या त्या उताराच्या कडेला एक डोह होता. म्हशीनं तो लांबूनच हेरला. दाव्याला असा हिसका दिला की नवी गाठ सुटली, आणि बया जाऊन पाण्यात बसली. नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर. वडिलांनी काठावरून शिव्या दिल्या, खडे मारले, मग हात जोडले. "ऊठ की गं माझे आई! हळद लागायचीय पोराला!" तिनं डोळे मिटून घेतले. अखेर मीच लुगड्याचा काष्टा मारून पाण्यात उतरले. ओढलं, ढकललं, पाठीवर बुक्क्या घातल्या. तिला त्या गुदगुल्याच वाटल्या असतील. ऊन कलल्यावर ती आपल्या मनानं उठली. माझं नवं लुगडं कमरेपर्यंत चिखलात रंगलं होतं. घरी पोचलो तेव्हा भावाला हळद लागून गेली होती. आई दारातच म्हणाली, "ही कुठल्या डबक्यातनं आलीस?" आधी धार काढली.

लग्न दुसऱ्या दिवशी, गोरज मुहूर्तावर. गुरं रानातून घरी यायची ती वेळ, म्हणजे नेमकी धारेची वेळ. ज्यानं हा मुहूर्त शोधून काढला त्याच्या घरी म्हैस नसणार.

मी दुपारीच गोठ्यात जाऊन बसले. म्हटलं, लवकर आटोपून घ्यावं. पण दारात हलगी वाजत होती, पोरंसोरं म्हशीला बघायला येत होती, आणि ती कान टवकारून उभी. पेंड सगळी खाल्ली, दूध थेंबभर नाही. तासभर हात दुखवून मी उठले. मांडवात वऱ्हाड आलं, मी कऱ्हा घेतला, अंतरपाट धरला गेला आणि गोठ्यातून हंबरडा सुरू झाला. भटजी मंगलाष्टका म्हणतायत आणि ही त्यांच्या वर सूर लावतेय. मुलीकडची माणसं हसायला लागली.

माझी मावशी मागून मला ढोसत होती. "आगं, जा काढून ये पटकन. कास फुटंल तिची. कऱ्हा मी धरते."

"तू धरशील, पर तू त्याची बहीण हाईस का?"

"मग म्हशीचं बरंवाईट झालं तर सासू फाडून खाईल तुला."

"खाऊ दे," मी म्हटलं.

भावानं एकदा मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी हलले नाही. अक्षता पडल्या, माळा घातल्या गेल्या, मी पाठीशी उभी होते. तिच्या हंबरण्यात मंगलाष्टकेचा एक शब्दही मला ऐकू आला नाही, पण उभी होते. त्यानंतर नव्या जोडप्यानं सगळ्यांच्या पाया पडण्यात आणि मुलीकडच्यांच्या मानपानात मला सोडेनात. गोठ्यात गेले तेव्हा तिची कास दगडासारखी झाली होती. हात लावला की तीही कळवळायची. तीन सडांतून दूध आलं, चौथ्यातून गाठी आल्या.

पुढचे दिवस मी माहेरपण केलं नाही, शेकच दिला. गरम पाण्याचा, हळद-तेलाचा. सड काही उघडला नाही. उशिरानं झालं की नदीतल्या घाणीनं, कुणी सांगावं.

सासरी परतले तर सासूबाईंनी पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी वाकून कास बघितली.

"चार सडाची नेलीस आन् तीन सडाची आणलीस!"

"लगीन गोरजावर हुतं, आत्याबाई."

"लगीन काय पळून जात हुतं? तुला मांडवात मिरवायचं हुतं! आजपासनं माझ्या म्हशीला हात लावायचा न्हाई. कळलं?"

"बरं," मी म्हटलं.

मला वाटलं, संध्याकाळी हाक मारतील. नवऱ्यानं चरवी घेतली, बसला, लाथ खाऊन आला. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, पण आपलाच शब्द कसा मोडायचा? मी भाकऱ्या थापत राहिले. सकाळी पुन्हा लाथ. हॉटेलवाल्याचा माणूस दोनदा रिकामा परत गेला. नवरा चुलीपाशी येऊन हळूच म्हणाला, "आगं, ये की जरा."

"आत्याबाईंनी नको म्हटलंय."

"आये, हिला सांग की!"

"मी न्हाई सांगत," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "तूच बस. बायकूला जमलं ते तुला जमत न्हाई व्हय?"

तो बसला. पेंडीची पाटी धरून, तोंडानं चुचकारत, मी बसायचे तसाच. दुसरी संध्याकाळ गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते आणि चरवीत धार पडल्याचा आवाज आला. हातातला झाडू तसाच राहिला. तीन दिवस! सहा महिने मी त्या दाव्याला बांधलेली होते, संक्रांत गेली, यात्रा गेली, भावाची हळद गेली, आणि घरातल्या कुणीतरी तीन दिवस धीर धरायचा एवढंच काम होतं.

सासूबाई वाडीभर सांगत सुटल्या, "माझ्या पोराच्या हाताला बी म्हैस लागली. मीच नेट लावला म्हनून." मी तोंड उघडलं असतं तर बरंच बोलले असते.

श्रावणात पंचमीला मी माहेरी गेले, एकटी. वहिनीबरोबर झोके घेतले, नदीवर गेले, आठ दिवस शेणात हात घातला नाही. परत आले तेव्हा नवरा धार काढत होता. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले, तोंडानं चुचकारलं. म्हशीनं मान वळवली नाही. कडबा खात राहिली.