दिसेनासं होईपर्यंत

आमिनाखालांकडे गेलेल्या माणसाला चटकन निघता येत नसे. पाहुणा चप्पल घालू लागला की खालाही आपली चप्पल शोधू लागायच्या. मग त्याच्याबरोबर अंगण ओलांडायच्या, जांभ्याच्या पायऱ्यांची आमची पाखाडी अर्धी उतरायच्या आणि वळणावरच्या काजूखाली थांबायच्या. तिथून खालचा रस्ता, भाट्याची खाडी आणि रत्नागिरीकडे जाणारा पूल, सगळं एका नजरेत येतं. पाहुणा रिक्षात बसून पूल ओलांडून पार नाहीसा होईपर्यंत खाला तिथंच उभ्या. मी तर त्यांची सख्खी शेजारीण. माझं दार त्यांच्या दारासमोर. पण साखरेची वाटी परत करून निघाले तरी मी घरात शिरेपर्यंत त्या उंबऱ्यात उभ्या राहून माझ्या पाठीकडे बघत असायच्या.

"खाला, मी काय दुबईला निघालेय?" असं मी एकदा वैतागून विचारलं.

"असूं दे गो सुधा. माणूस दिसेनासं होईपर्यंत पाठ फिरवू नये. त्याला वाटेत एकटं वाटतं."

हे खूळ त्यांना कुठून लागलं ते पुष्कळ वर्षांनी कळलं. त्यांचे यजमान जहाजावर सारंग होते. शेवटच्या सफरीला निघाले त्या सकाळी खालांनी चुलीवर दूध ठेवलं होतं. ते उतू जाईल म्हणून त्या वळणावरून लगबगीनं माघारी फिरल्या. यजमान पुढं दूरच्या कुठल्याशा बंदरात वारले आणि तिथंच त्यांना माती मिळाली. "दूध पण उतूच गेलं," एवढंच खाला म्हणाल्या आणि मला चहा हवा का ते विचारू लागल्या.

खाला दात तंबाखूच्या मिश्रीनं घासायच्या. घासायच्या कसल्या, दुपारभर गालात धरून बसायच्या. विज्ञानाची शिक्षिका या नात्यानं मी त्यावर बरीच भाषणं दिली. त्या ती शांतपणे ऐकायच्या, कारण तोंडात मिश्री असल्यानं त्यांना बोलता येत नसे. पुढं त्याच गालात न भरणारी जखम झाली. मुंबईला ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, आणि वर्ष सरलं तोवर दुखणं पुन्हा त्याच जागी उगवलं. ही दोन हजार सालानंतरची, तीन-चार वर्षं इकडची-तिकडची गोष्ट.

आता पुन्हा कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुंबईच्याच एका मोठ्या इस्पितळात उजेड टाकून गाठ नष्ट करण्याचा उपचार करून बघत होते. तेवढाच मार्ग होता. त्यांचा एकुलता एक मुलगा अश्फाक कुवेतहून रजा काढून आला. मला शाळेतून रजा काढायला लावली ती खालांनी. जी बाई मुलांना बेडकाचं पोट शिकवते तिला कॅन्सरमधलंही कळणार, अशी त्यांची पक्की समजूत होती.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, पण समजावून सांगायचा कंटाळा तिला नव्हता. शिरेतून एक औषध देतात. ते अंगभर पसरतं, पण गाठीत जास्त रेंगाळतं. दोन दिवसांनी बारीक तारेतून गाठीवर लाल उजेड सोडायचा. औषध आणि उजेड एकत्र आले की तिथल्या पेशी मरतात. पण तिचा खरा जीव अडकला होता तो पुढच्या भागात. गाठ मरू लागली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. त्यातल्या काही तिथून गळ्यातल्या ग्रंथींपर्यंत गेल्या आणि शत्रू कसा दिसतो हे तिथं कळवलं, तर अंगात लपलेल्या दुखण्यावर शरीर स्वतःच पहारा ठेवू शकेल. त्या तशा जातात का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी खालांचं रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना किंचित किरणोत्सर्गी खूण लावायची, पुन्हा अंगात सोडायच्या आणि वरून कॅमेरा धरायचा.

खालांनी हे सगळं डोक्यावरचा पदर सारखा करत ऐकलं.

"म्हणजे पोरांच्या हातात कंदील देऊन पाठवायची. आणि आपण वळणावर उभं राहायचं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाली.

उजेड देऊन झाला आणि नंतर खालांना त्या कॅमेऱ्याखाली निजवलं. पडदा काळा, त्यावर काजव्यांसारखे ठिपके. यकृतात दाट, प्लीहेत दाट, आणि वर गालापाशी एक विरळ पुंजका.

"या तुमच्या पेशी, खाला. निघाल्यात गालाकडे."

"नि गळ्यात कवा पोचणार?"

"थोडी चाहूल वाटतेय. पण नक्की पुढच्या खेपेला सांगेन. ही खूण फार टिकत नाही, लवकर विझते."

"म्हणजे दिसेनाशी झाली की तुम्ही उठून जाणार?"

डॉक्टर हसली. "काय करणार? आमचा कॅमेरा तुमच्याइतका चिवट नाही."

पुढची खेप काही आठवड्यांनी होती. तेव्हा पुन्हा उजेड आणि पुन्हा कॅमेरा. दुखणं मागं हटतंय की नाही ते त्यावरून ठरणार होतं. तोवर एकच पथ्य, पण कडक. ते औषध कातडीतही उरतं. उजेडानं गाठीचं जे केलं तेच उन्हानं कातडीचं होईल. म्हणून दिवसा घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

भाट्याला परत आलो तेव्हा श्रावण होता. अश्फाकनं खिडक्यांवर बापाच्या जुन्या घोंगड्या टांगल्या. खाला आतल्या खोलीत बसून राहू लागल्या. भेटायला येणारे पुष्कळ. त्यांना निरोप देता येत नाही याचाच त्यांना जास्त त्रास. "अढीत घातलेल्या आंब्यासारखं केलंय मला," त्या म्हणायच्या, "पिकवून मग बाहेर काढतील."

अश्फाकची रजा संपली. तो निघाला त्या दिवशी मी शाळेत होते, त्यामुळे पुढचं मला खालांनीच सांगितलं. बाहेर आभाळ गच्च होतं. समुद्र कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. आमच्याकडे अशा दिवसांत कपडे चुलीवर वाळवतात आणि ऊन ही वस्तू दिवाळीनंतरच मिळणार असं धरून चालतात. अश्फाकनं आईकडून वचन घेतलं की ती दारातूनच निरोप देईल. तिनं दिलंही. तो पाखाडी उतरून गेला आणि खालांनी छत्री घेतली.

"पावसात ऊन कुठलं, असं म्हटलं गो मी," त्या मला म्हणाल्या. गावात कुणालाही विचारलं असतं तरी तो हेच म्हणाला असता.

वळणावर वाऱ्यानं छत्री पुढं झुकत होती आणि पूल झाकत होती. म्हणून त्यांनी ती मिटली. नेमकी पुलावर एसटी बंद पडलेली. तिच्यामागं अश्फाकची रिक्षा अडकून राहिली. ती हलून पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत खाला उघड्या चेहऱ्यानं, उघड्या हातांनी उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी गेले तर त्यांना ओळखता येईना. डोळे सुजून मिटलेले, चेहरा लालभडक, हातांवर पाण्यानं भरलेले फोड. डॉक्टरला मुंबईला फोन लावला. ती म्हणाली की ढगातून ऊन दिसत नाही, पण उजेड गाळून येतोच, आणि त्या औषधाला तेवढा पुरतो.

दुसऱ्या खेपेला मीच त्यांना घेऊन गेले. कातडी अजून ओली होती, त्यामुळे उजेड देता येईना. कॅमेरा तेवढा धरला. पडद्यावर चेहरा भरून ठिपके होते, हात भरून होते. डॉक्टरनं पडद्यावर गालापासून गळ्यापर्यंत बोट फिरवलं.

"पेशी आल्यात. गळ्यातही आहेत. पण कशासाठी आल्यात ते ओळखता येत नाही. गाठीसाठी, की या भाजलेल्या कातडीसाठी. मला यातून काहीच सांगता येणार नाही."

खालांनी मान वर करून पडदा बघितला. "माझीच पोरं ती. जिथं दुखलं तिथं धावली. त्यांना काय बोलायचं?" मग मला जवळ ओढून म्हणाल्या, "अश्फाकला यातलं काय सांगू नको हां. घे शपथ." मी घेतली.

कातडी भरेपर्यंत उपचार लांबला, आणि ती भरली तेव्हा गळ्यात बोटाला लागेल अशी गाठ आली होती. मी डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं, त्या दिवशी त्या बाहेर पडल्या नसत्या तर?

"माहीत नाही. कदाचित तरीही असंच झालं असतं. खरंच माहीत नाही हो." तिचे डोळे भरले होते. खोटा धीर देत नव्हती म्हणून मला ती फार आवडली, आणि त्याच कारणानं तिचा रागही आला.

आंब्याला मोहोर येऊ लागला तेव्हा खालांचं बोलणं थांबलं. मी रोज शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर त्यांच्यापाशी बसायची. निघाले की त्या डोळ्यांनी मला दारापर्यंत पोचवायच्या. मी मुद्दाम हळू चालायची. एका सकाळी मी वळून पाहिलं, तर डोळे मिटलेले होते. दुपारनंतर त्या गेल्या.

अश्फाकला इतक्या लवकर पोचणं शक्य नव्हतं, आणि त्यांच्यात दफन लांबवत नाहीत. जनाजा उचलला तेव्हा त्यांच्या रिवाजाप्रमाणे बायका घरातच राहिल्या. मी कोण, हिंदू शेजारीण. मला कुणी ये म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. मी पाखाडीच्या वळणावर जाऊन काजूखाली उभी राहिले. खांदे बदलत लोक रस्त्यानं कबरस्तानाकडे निघाले होते. पुढं सुरूची झाडं आहेत, तिथं रस्ता वळतो. हिरवी चादर त्या झाडांत शिरली, दोनदा मधूनच दिसली, मग दिसली नाही. तरी मी थोडा वेळ थांबले. घरी दूध तापत ठेवलेलं नाही ना, असा एक वेडा विचार मनात येऊन गेला आणि तिथं उभ्या उभ्या मला रडू फुटलं.

संध्याकाळी कुवेतहून फोन आला.

"मावशी, अम्मा दिसेनाशी होईपर्यंत कुणी उभं होतं काय?"

"मी होते."

तो म्हणाला, "मी निघालो ना, तेव्हा पुलावर रिक्षा अडकली होती. मी मागं बघितलं तर अम्मा वळणावर. आत जा म्हणून हातानं खुणावणार होतो. पण मावशी, नाय खुणावलं. ती दिसत होती तोवर मला फार बरं वाटत होतं."

मला शपथ आठवली.

"तिलाही बरं वाटलं होतं रे," मी म्हटलं.