ओडेट टिबो आणि मध्येच सोडलेलं गाणं

ओडेट टिबो शाळेची पिवळी बस चालवायची. व्हर्मांटच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीलगतचे डोंगरातले कच्चे रस्ते. हिवाळाभर बर्फ आणि बर्फ वितळला की चाकं गिळणारा चिखल. तिची बस कधी चुकली नाही, आणि तिच्या बसमध्ये पोरांनी कधी दंगा केला नाही. आरशातून नुसतं बघितलं तरी मागच्या बाकावरचं कार्टं टोपी काढून गप्प बसायचं. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की हीच बाई केस मोकळे सोडून, गाडीत तंबू टाकून 'टिन ऑर्चर्ड'च्या मागे गावोगाव फिरायची.

टिन ऑर्चर्ड हा चार माणसांचा बँड. रेडिओवर त्यांचं गाणं कधी लागलं नाही, आणि लागलं असतं तरी कळलं नसतं. त्यांना समोर उभं राहूनच ऐकावं लागतं. साधं गाणं सुरू करतात, दोन कडवी म्हणतात आणि मग वाट सोडून देतात. गिटार रानात शिरते, ड्रम तिच्या मागोमाग, कीबोर्डवाला भलतीकडेच काहीतरी शोधत बसतो. अर्धा तास शब्द नाही. आता हे हरवलेच, असं वाटतं. आणि एकाएकी चौघंही मूळ गाण्याच्या दारात येऊन उभे! त्या क्षणी मैदानावर जो आरडाओरडा होतो, त्यासाठीच आम्ही जायचो. नोकऱ्या, नवरे, पोरंबाळं सांभाळून जायचो.

मी ट्रूडी पेल्की. मैदानाबाहेर गाड्या लावायच्या जागेत मी गॅसच्या शेगडीवर चीज सँडविच भाजून विकते. ओडेट आणि तिचा धाकटा भाऊ रेमी ही माझी पहिली गिऱ्हाइकं. रेमी लाकडाच्या वखारीत कामाला होता. चोवीस वर्षांचा, हडकुळा, कानात भुसा, तोंडात कायम काहीतरी चघळायला. बहिणीला चिडवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही.

"ट्रूडी, हिला जळकं दे. बस चालवून चालवून हिला सगळं धुराचंच लागतं."

"आणि ह्याला देऊच नकोस," ओडेट म्हणायची. "फुकट्या आहे."

सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टात मेनमधल्या एका जत्रेच्या मैदानावर कार्यक्रम होता. चारी बाजूंना बटाट्याची शेतं, मागे नदी. ऊन कलत होतं तेव्हा बँडनं 'लाँग डॉक' सुरू केलं. धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं. दोन कडवी झाली आणि ते नेहमीसारखे वाट सोडून गेले. मीही त्या दिवशी शेगडी विझवून आत आले होते, त्या दोघांच्या शेजारीच उभी होते.

रेमी म्हणाला, "ओडी, घसा कोरडा पडलाय. पाणी आणतो."

"आत्ता? गाणं परत येईल ना!"

"अगं, ते अजून गावाबाहेरच आहेत. ते परतायच्या आत येतो की."

ओडेटनं डोळे मिटलेले होते. ते न उघडताच तिनं 'जा' म्हणून हात हलवला.

त्या दिवशी बँड 'लाँग डॉक'कडे परतलाच नाही. सूर पातळ होत गेले, दुसऱ्याच एका गाण्यात मिसळले, आणि मग ते गाणंही संपलं. शेवटचं कडवं राहूनच गेलं. आणि रेमी आला नाही.

आधी आम्ही हसलो. गप्पा हाणत बसला असेल कुठेतरी. मग हाका मारल्या. सकाळी मैदान रिकामं झालं तेव्हा त्याची गाडी एकटीच गवतात उभी होती, मागच्या सीटवर त्याचं जाकीट. पोलीस आले, कुत्री आली, नदीत गळ टाकून झाले. काही सापडलं नाही. त्याचं कुणाशी भांडण नव्हतं, कुणाला काही बोलला नव्हता. पाण्याच्या टाकीवरच्या मुलीला तो आठवतही नव्हता.

त्यांची आई जुन्या वळणाची, रोज सकाळी चर्चला जाणारी. फादरनी दोन-तीन वर्षांनी हळूच विचारलं, त्याच्या नावानं प्रार्थना ठेवायची का? म्हातारी म्हणाली, "प्रार्थना मेलेल्यांची ठेवतात. माझा पोरगा पाणी प्यायला गेलाय." शेवटपर्यंत तेच म्हणत गेली.

बँडनंही 'लाँग डॉक' पुन्हा वाजवलं नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही. गाणी मध्येच सोडायची त्यांची खोडच होती, पण वर्षा-दोन वर्षांनी का होईना, ती पुरी करायचे. हे मात्र नाही. एखादा नवखा पोरगा गर्दीतून "लाँग डॉक!" ओरडला, की जुनी माणसं त्याला गप्प करायची.

ओडेट दर उन्हाळ्यात येत राहिली. ध्वनियंत्रणेच्या तंबूच्या उजव्या हाताला उभी राहायची, कारण त्या दिवशी ती आणि रेमी तिथेच उभे होते. रेमीनं शोधलं तर सापडायला हवी ना! सगळ्यांना ते माहीत झालं होतं. कितीही गर्दी असो, तेवढी जागा लोक मोकळी सोडायचे. कुणी तिला सांगायचं, ओरेगॉनमध्ये दिसला, दाढी वाढवलीय. कुणी म्हणायचं, गेल्या महिन्यात माझ्या पुढच्याच रांगेत होता, मी हाक मारणार तोच नाहीसा झाला. ती ऐकून घ्यायची, थँक्यू म्हणायची. मी एकदा भडकले, "अगं, का ऐकतेस असलं?"

"त्यांनाही वाटतं गं, कुणीतरी दिसावं," ती म्हणाली.

वेंडल नावाचा एक म्हातारा उंच काठीला माइक बांधून प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड करायचा. त्याच्याकडे त्या दिवसाची टेप होती. गाणं विरत जातं तिथे, टाळ्यांच्या खाली, कुणीतरी "ओडी" म्हटल्यासारखं वाटतं. मला ऐकू आलं. वेंडलला येत नाही. ओडेटनं एकदाच ऐकलं, टेप थांबवली आणि म्हणाली, "मी डोळे मिटून होते ना, ट्रूडी." त्यापुढे तिनं ते कधी ऐकलं नाही. मात्र त्या दिवसापासून कुठलंही गाणं तिनं डोळे मिटून ऐकलं नाही.

बावीस उन्हाळे असे गेले. मग आमच्याच व्हर्मांटमध्ये, डोंगराच्या उतारावरच्या एका मैदानात, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं तेव्हा ते घडलं. बँड एका दुसऱ्याच गाण्यातून भरकटला होता. ड्रम जवळजवळ थांबले. गिटार दोनच सूर परतपरत वाजवत होती, अंधारात भिंत चाचपावी तशी. कीबोर्डवाल्यानं मान वर केली आणि तीन स्वर टाकले. शेजारचा कुणीतरी "अरे देवा" म्हणाला. मग चौघंही एकदम त्या दारात आले, आणि 'लाँग डॉक'चं उरलेलं कडवं सुरू झालं.

मैदान पेटलं. माणसं रडत होती, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होती. आमच्या आसपासचे मात्र सगळे ओडेटकडे बघत होते.

ती स्टेजकडे पाठ करून उभी होती. पाण्याच्या टाक्यांकडून येणाऱ्या वाटेवर नजर लावून प्रत्येक चेहरा बघत होती. तेवढ्यात एक माणूस दोन्ही हातांत पाण्याचे ग्लास घेऊन, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत आला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, पन्नाशीला टेकलेला. ओडेटच्या अंगावरूनच गेला, "सॉरी, ताई" म्हणाला आणि पुढे आपल्या बायकोपाशी जाऊन उभा राहिला.

ओडेटनं माझं मनगट धरलं. नखं रुतली.

"ट्रूडी, रेमी आता असाच दिसत असेल." तिचा आवाज इतका बारीक, की मला जेमतेम ऐकू आला. "मी इतकी वर्षं त्या पोराला शोधत होते गं. चोवीस वर्षांच्या पोराला. हा असा म्हातारा माझ्यासमोरून कितीदा गेला असेल?"

गाणं संपलं. शेवटचा सूर त्यांनी लांबवला, तोडला. लोक ओडेटला मिठ्या मारायला आले. त्यांना वाटलं, हा तिचाच सोहळा. वेंडल डोळे पुसत म्हणाला, "पुरं झालं, पोरी. शेवटी पुरं झालं."

ती त्याच्यावर खेकसली, "कुणाला विचारून पुरं केलं? हे चालू होतं तोवर तो पाणी आणायला गेला होता! आता कुठे गेलाय म्हणून सांगू?"

वेंडलचा हात हवेतच राहिला. ती गर्दी कापत गाडीपर्यंत गेली आणि तिथे स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. तिला घरी मी सोडलं. वाटेत प्रत्येक वळणावर पायवाटेनं चालणाऱ्या माणसाकडे ती मान वळवून बघत होती.

त्या ऑक्टोबरात तिनं फादरना भेटून रेमीच्या नावानं प्रार्थना ठेवली. वखारीतली तीन माणसं आली, वेंडल आला, तिच्या बसमधली काही पोरं आईबापांबरोबर आली. आईच्या कबरीशेजारी दगड बसवला. नाव कोरलं, जन्माचं साल कोरलं. कोरणाऱ्यानं पुढचं साल विचारलं, तर म्हणाली, "जागा राहू दे."

त्यानंतर ती कार्यक्रमाला आत जाईना. माझ्याबरोबर यायची, शेगडीपाशी बसायची, सँडविच उलटायची. आतून गिटार ऐकू आली की उलथनं हातात तसंच धरून थांबायची, आणि मग पाव करपायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची. एखादा टकला माणूस समोर आला की ती त्याचं तोंड जरा जास्तच वेळ बघायची, आणि त्याला चीज जास्त घालायची.

मागच्या जुलैत एका दुपारी ती उठली. एप्रन माझ्या खुर्चीवर टाकला, आणि फाटकाकडे जाणाऱ्या लोकांच्या वाटेत एक बोट वर करून उभी राहिली. म्हणजे: माझ्याकडे तिकीट नाही, कुणाकडे जास्तीचं असेल तर द्या. आमच्यात पोरंटोरं असं करतात. साठीच्या बाईला तशी उभी बघून मलाच संकोच वाटला.

"अगं, तिकीट मी घेऊन देते ना!" मी ओरडले.

"नको. कुणी दिलं तर जाईन."

एका लांब वेणीवाल्या मुलीनं तिच्या हातात तिकीट ठेवलं. ओडेट तिच्याशी काहीतरी हसून बोलली. मग फाटकातून आत गेली आणि माणसांत मिसळली. मी टाचा उंचावून बघत राहिले. तिचा निळा सदरा थोडा वेळ दिसला, मग तशाच रंगाचे दहा सदरे दिसायला लागले. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, माझं सँडविच?" मला त्याचं बोलणं कळेना. रेमी जाताना निदान 'येतो की' म्हणाला होता. ती एवढंच म्हणाली होती, कुणी दिलं तर जाईन.