मेसेज कुणाच्या मोबाईलवर जावा

दुकानात फर्निचर आलं, पाटी लागली, काचेच्या कपाटांत फ्रेमा मांडून झाल्या, आणि मग नवऱ्यानं विचारलं, "सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?" मी म्हटलं, "कुठलंही घ्या. बिलंच तर काढायचीत." त्या वाक्यावरून तो मला अजून चिडवतो.

मी डोळे तपासते. शिकले तेव्हापासून दुसऱ्यांच्याच दुकानांत काम केलं, आणि त्यातली बरीच वर्षं गुलमंडीजवळच्या एका जुन्या दुकानात गेली. तिथं सॉफ्टवेअर नव्हतं, मालकाचं डोकं होतं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ते सांगायचे, "ह्यांचा डावा डोळा जरा आळशी आहे, बघून घ्या." असं डोकं मला देवानं दिलेलं नाही. मला सकाळी गॅस बंद केला का तेही आठवत नाही. त्यामुळे गारखेड्यात स्वतःचं दुकान टाकताना कॉम्प्युटरशिवाय गत नव्हती.

नवरा वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. तक्ता केल्याशिवाय त्याला कुठलीही वस्तू घेता येत नाही. मिक्सर घेतला तेव्हाही आमच्याकडे तक्ता झाला होता. आता त्यानं तीन सॉफ्टवेअरं उभी लिहिली, गुण आडवे लिहिले आणि रोज रात्री जेवताना मला एकेक रकाना ऐकवायला लागला.

पहिलं सॉफ्टवेअर मोठ्या दवाखान्यांसाठी केलेलं होतं. ते प्रत्येक पेशंटचा वॉर्ड आणि खाट विचारायचं. चष्म्याला आलेल्या माणसाला खाट कुठून द्यायची, म्हणून ते तिथंच बाद झालं. दुसरं पुण्याचं. त्यांच्या कंपनीतल्या एका मुलीनं व्हिडिओवर सगळं इतकं गोड दाखवलं की मी निम्म्यातच हो म्हणणार होते. चष्मा तयार झाला की मेसेज आपोआप, वर्षानं तपासणीची आठवण आपोआप, वाढदिवसाच्या शुभेच्छाही आपोआप. "तुम्हाला काहीच करावं लागणार नाही, मॅम," ती म्हणाली. कामाला हात लावायला दुसरं कुणी नसलेल्या बाईला याहून गोड वाक्य कुठलं असणार?

तिसरा सिडकोतला एक गृहस्थ होता. औषधांच्या दुकानांना सॉफ्टवेअर करून देणारा, स्कूटरवर आला, दोन चहा प्यायला आणि अखंड बोलत राहिला. त्याच्या स्क्रीनचा रंग बघून मला सरकारी दवाखान्याची भिंत आठवली. "कलर का क्या है मॅडम, बदल देंगे. तुमची गिऱ्हाईकं कशी येतात ते सांगा आधी," तो म्हणाला. मला वाटलं, गिऱ्हाईकं काय, दारातून येतात. नवऱ्याच्या तक्त्यात तो शेवटचा आला, आणि आम्ही पुण्याचं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून बघायला घेतलं.

त्याच आठवड्यात लासूर स्टेशन गावाहून मायलेकी आल्या. मुलगी तिथल्या शाळेत गणित शिकवत होती. स्टुलावर बसताना तिनं पर्समधून चष्मा काढून घातला तेव्हाच मी काय ते समजले. म्हणजे रस्ताभर ती चष्म्याशिवाय चालत आली होती, आईच्या दंडाला धरून.

"चष्मा कधीपासून आहे?" मी मुलीला विचारलं.

"तिसरीपासून," आई म्हणाली. "पण पाव्हण्यांना सांगितलेलं नाय. फोटोतबी नाय. आता पाव्हणे यायलेत बघायला, तर ते डोळ्यात घालायचं लेन्स का काय असतं, ते द्या."

मी पुढचे सगळे प्रश्न मुलीला विचारले आणि सगळी उत्तरं आईनं दिली. नंबर मायनस साडेसहा निघाला. तसं यात नवीन काहीच नाही. आपल्याकडं मुलीचा चष्मा लग्न ठरेपर्यंत पर्समध्ये राहतो. मुलगा जाड भिंगं लावून आला तरी चालतो, त्याला अभ्यासू म्हणतात. मलासुद्धा माझ्या बघण्याच्या वेळी चष्मा काढून बसवलं होतं, आणि मी पोह्यांची पहिली बशी मोठ्या आदरानं नवरदेवाच्या मेव्हण्याच्या हातात दिली होती. तेव्हा मी त्या आईला उपदेश वगैरे केला नाही. लेन्स मागवायची ठरली.

पुण्याचं सॉफ्टवेअर मोबाईल नंबर टाकल्याशिवाय पुढं सरकत नसे. मुलगी सांगायला लागली तेवढ्यात आई म्हणाली, "माझा घ्या. तिचा कशाला?" मी आईचा घातला. इथं घरातल्या पाच जणांचे चष्मे एकाच मोबाईलवर असतात, त्याचं मला काही वाटलं नाही.

शनिवारी दुपारी लेन्सचं पार्सल आलं. मी कॉम्प्युटरवर 'आलं' असं टिपलं आणि जेवायला बसले. पुढचं सॉफ्टवेअरनं केलं, मला काहीच करावं लागलं नाही.

सोमवारी आई एकटी आली. चपला न काढताच उभी राहिली.

"काय करून ठेवलं म्याडम तुमी," ती म्हणाली, आणि मग काय घडलं ते सांगितलं. पाहुणे रविवारी यायचे ते शनिवारीच आले. लेन्स हातात नव्हती, म्हणून मुलगी चष्मा काढूनच बाहेर येऊन बसली. चहा चालू असताना आईचा फोन वाजला. आई म्हणाली, "बगा बरं काय आलंय, मला मेलं बारीक अक्षर दिसत नाय," आणि तिनं फोन जवळ बसलेल्या माणसाच्या हातात दिला. आपल्याकडं असंच करतात, जवळचा माणूस वाचतो. जवळ नवरा मुलगा बसला होता. मेसेज इंग्रजीत होता. त्यानं तो शाळेत धडा वाचावा तसा खणखणीत वाचला, मराठी करून: तुमची लेन्स तयार आहे, उजवा डोळा मायनस साडेसहा, डावा मायनस सहा, दुकानात येऊन घेऊन जावी.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्याची आत्या म्हणली, साडेसहा म्हंजी कितीक? मी सांगणार होते की भैनीच्या लेकीची हाय, तर आमचीच बया बोल्ली. म्हणली, साडेसहा म्हंजी चष्मा काढला की समोरचं माणूस दिसत नाय. आत्ताबी मला तुमी कुणी दिसत नाय."

मला त्या मुलीचा फार अभिमान वाटला, पण तो दाखवायची ती वेळ नव्हती. पाहुणे चहा संपवून "कळवतो" म्हणून गेले होते. कळवतो म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना कळतं. मी त्या बाईची माफी मागितली. चूक कॉम्प्युटरची असली तरी दुकानाची पाटी माझी होती. ती म्हणाली, "तुमच्या माफीला काय करू? जमत आलेलं होतं." आणि लेन्स न घेताच निघून गेली. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की बारीक अक्षर दिसत नाही असं ती सांगून गेली आणि मी, डोळे तपासणारी, मान हलवत बसले.

पुण्याला फोन लावला. त्या गोड मुलीच्या जागी कुणी दुसराच होता. तो म्हणाला, मेसेज एक तर सगळ्यांना जातात, नाही तर कुणालाच नाही, आणि त्यातला मजकूर बदलता येत नाही. "मॅम, कस्टमरला हे फीचर फार आवडतं." मी म्हटलं, "माझ्या कस्टमरचं लग्न मोडलं हो." तो म्हणाला, "त्याची तक्रार नोंदवून घेऊ का?" मी फोन ठेवला आणि बराच वेळ एकटीच संतापत बसले.

रात्री नवऱ्यानं तक्ता पुढं घेतला. उजवीकडं कोरी जागा होती. "मेसेज कुणाला जातो, हा रकाना आपण केलाच नाही," तो म्हणाला. एरवी मी टोमणा मारला असता. त्या रात्री मारला नाही, कारण तो खरोखर खजील झाला होता.

दुसऱ्या दिवशी सिडकोवाल्याला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "माझ्या बहिणीचं पण असंच झालं होतं, मॅडम. तिला ऐकायला कमी येतं." पुढं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठवडाभरानं तो परत आला तेव्हा माझ्या स्क्रीनवर प्रत्येक गिऱ्हाईकाच्या नावाखाली तीन प्रश्न आले होते: मेसेज पाठवायचा का, कुणाच्या मोबाईलवर, त्यात काय लिहायचं. उत्तर दिल्याशिवाय एक अक्षर बाहेर जात नव्हतं. एका मोबाईलवर अख्खं घर बसत होतं आणि तरी प्रत्येकाची तपासणी वेगळी राहत होती. रंग मात्र तोच होता. मी म्हटलं, राहू द्या.

पंधरवड्यानंतर त्या मायलेकी पुन्हा दारात उभ्या राहिल्या. मुलीच्या डोळ्यांवर चष्मा होता, रस्त्यापासूनच.

"पाव्हण्यांचा फोन आलाय," आई म्हणाली. "पुन्यांदा यायचं म्हणायलेत. अन् ही म्हणती, मी चष्मा लावूनच बसणार. तुमच्या मशिनीनं घोळ घातला, आता तुमीच समजवा हिला. येवढं देवानं परत दार उघडलंय."

मला कुणाला समजवायचं ते कळेना. मुलगी शांतपणे फ्रेमा बघत होती. मी आईला म्हटलं, "मावशी, आधी तुम्ही बसा. तुमचेच डोळे बघू."

"माझं काय, म्या चांगली बघती."

"बारीक अक्षर दिसत नाही म्हणालात ना?"

ती बसली, बहुतेक दमली होती म्हणून. दूरचं स्वच्छ दिसत होतं. जवळचं मात्र काहीच दिसत नव्हतं. प्लस दीडची भिंगं तपासणीच्या गोल, जड फ्रेममध्ये बसवली आणि तिच्या हातात वाचायचा कागद दिला. तिनं तो नाकाजवळ नेला, लांब धरला, मग जिथं धरायचा तिथं धरला आणि सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. दहावी झालेली बाई होती. "आगं बाई," एवढंच म्हणाली, आणि कागद खाली ठेवून स्वतःच्या हातावरच्या बांगड्या बघत बसली.

तोवर मुलीनं फ्रेम निवडली होती. नाजूक नव्हती, काळी, रुंद, लांबूनही कळेल अशी. मी नाव लिहिलं आणि नवीन प्रश्नांपाशी आले. सवयीनं आईकडं बघितलं. आई म्हणाली, "मला काय इचारता? तिला इचारा. मागच्या बारीला म्या सांगितलं तेच लई झालं."

मुलीनं मोबाईल सांगितला. एकेक आकडा, न अडखळता, फोन न काढता.

"हा तुझा नाय," आई म्हणाली. "कुणाचा हाय?"

"ज्यांनी मेसेज वाचला होता, त्यांचा." मुलीचे कान लाल झाले होते, पण आवाज वर्गात शिकवावा तसा ठाम होता. "त्यांनीच शाळेत फोन केला होता. मोठ्यानं वाचलं म्हणून माफी मागितली, नंबरही दिला. त्यांच्या घरच्यांनी फोन केला तो त्यानंतर."

मी विचारलं, "मेसेजमध्ये काय लिहू?"

"मागच्यासारखंच. उजवा, डावा, सगळं लिहा."

मला वाटलं, आता आई उठून चालायला लागेल. ती उठली खरी, पण टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीमागं आली. तपासणीची ती गोल फ्रेम तशीच तिच्या नाकावर होती. तिनं स्क्रीनजवळ वाकून बोट टेकवलं.

"थांबा, पाठवू नका आजून," ती म्हणाली. "पोरी, तू परत सांग, म्या मिळवून बघती. ह्या बारीला दुसऱ्याच कुणाला जायाला नको." आणि एकेक आकड्यावर बोट ठेवत, मोठ्यानं, ती आपल्या होणाऱ्या जावयाचा मोबाईल नंबर वाचायला लागली.