मीनलची न दाखवलेली स्लाइड

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मी पार्किंग शोधत होते, तेव्हा मीनलच्या लेकीचा, ईशाचा फोन आला. "मावशी, आई इज गॉन." गाडी तशीच रस्त्यात थांबली, मागून हॉर्न वाजत राहिले... याला महिना होऊन गेला. मीनल आठवली की मला रडू कमी येतं आणि राग जास्त. खोटं कशाला बोलू?

मीनल आणि मी नागपूरहून एकदमच शिकागोला शिकायला आलो. ती आर्किटेक्ट. पोटापाण्यासाठी आयुष्यभर तिने गोदामांचे आणि पार्किंगच्या इमारतींचे नकाशे काढले, पण जीव अडकला होता एडिनबरामधल्या एका घरात. शिकत असताना एका उन्हाळ्यात तिला त्याची मोजमापं घ्यायला पाठवलं होतं, तेव्हापासून जमेल त्या सुट्टीत ती तिकडेच. दोनेकशे वर्षांपूर्वीचं दगडी घर, शेजारच्या घरांना भिंतीला भिंत लावून उभं, त्यामुळे अख्खी ओळ एकच राजवाडा वाटते. आत गोल वळत जाणारा जिना. प्रत्येक पायरीचं एकच टोक भिंतीत रोवलेलं, दुसरं अधांतरी, आणि छतातल्या लंबगोल झरोक्यातून खालपर्यंत उजेड. सरकारने संरक्षित ठरवलेलं, त्यामुळे साधी खिडकी बदलायची तरी परवानगी काढावी लागते. मीनल हे भाजी निवडता निवडता सांगायची आणि आमची मंडळी म्हणायची, "पण यार, आपला काय संबंध?" ती नुसती हसायची. उत्तर तिच्याकडे होतं. ते तिला आपल्याच माणसांसमोर, मराठीत, फोटो दाखवून सांगायचं होतं. एवढी एकच हौस होती तिची.

संक्रांतीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने एकदाचा तिला वेळ दिला. आधीचं कराओके लांबलं, ते कुणी थांबवलं नाही. जिना झाला, झरोका झाला, ती शेवटची स्लाइड लावणार तेवढ्यात अध्यक्ष माइकपाशी आले. "मीनलताई, सॉरी हं, रॅप अप करू या. गुळपोळ्या गार होतायत."

गुळपोळी गारच खातात हो!

"एकच राहिलीय," मीनल म्हणाली.

"नेक्स्ट इयर तुम्हाला फुल एक तास!" टाळ्या पडल्या, प्रोजेक्टर बंद झाला. तिची केमो चालू आहे हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. परत येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नसेन गं..."

शोकसभेत तेच अध्यक्ष गहिवरून बोलले. आपल्याच व्यासपीठावर मीनलताईंचं ते अविस्मरणीय व्याख्यान झालं, वगैरे. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांच्या त्या किल्ल्याचा एखादा फोटो पाठवाल का? न्यूजलेटरला हवाय." किल्ला! मी कोट घेतला आणि निघाले.

ईशाने मला आईचा लॅपटॉप दिलाय. तेव्हा त्या दिवशी राहिलेलं मीच इथे सांगते. शेवटच्या स्लाइडवरचा फोटो त्या घरातल्या दिवाणखान्याच्या खिडकीचा आहे. तिला आतून लाकडी दारं आहेत, दिवसा भिंतीतल्या खोबणीत दुमडून ठेवायची. बाकी घरभर साधं पाइनचं लाकूड, पण या दारांचा पांढरा रंग खरवडला तेव्हा आत सागवान निघालं. घर बांधणारा साहेब तुमच्या-आमच्या मराठी मुलखात वर्षानुवर्षं सारा वसूल करून गब्बर झाला होता, आणि परत जाताना तिथलं लाकूडही घेऊन गेला. फोटोखाली मीनलने मराठीत लिहिलंय, "हा आपला संबंध."

त्या सागवानावर कुणीतरी तळहात टेकलाय. चेहरा फोटोत आलेला नाही, पण तो हात मी ओळखते.