मनोहरजींचे तीन उजेड

ऑफिसात मी मोबाइल अ‍ॅपच्या पडद्यांचे रंग ठरवतो. त्यामुळे रंगातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तो मनोहरजींनी उतरवला. म्हणजे उतरवला मीच, ते फक्त शिडीवर उभे होते.

झालं असं, की कराडहून आई यायची होती. बाबा गेल्यापासून ती एकटीच होती. नुकतंच तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "पंधरा दिवस राहून बघते. करमलं तर राहीन," म्हणाली. तिनं कायमचं राहावं म्हणून इकडे हिंदी मुलखात, जगतपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटची एक खोली तिच्यासाठी रंगवायची ठरली. सगळीकडे सध्या मातकट हिरव्याची चलती. मी फोनवर अशी एक छटा हेरली आणि तिच्या प्रेमातच पडलो.

रंगारी मनोहरजी आमेरहून बसनं यायचे. साठी उलटलेली. वडिलांबरोबर चुना लावता लावता हात तयार झालेला. त्यांच्या कामाच्या सदऱ्यावर जुन्या घरांचे डाग होते आणि कुठला डाग कुणाचा, ते सांगायचे. "ये दुर्गापुरा वाले कर्नलसाहब का हॉल." त्यांची एक रीत होती. आधी भिंतीवर तळहाताएवढे तीन-चार पट्टे ओढायचे. ते सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघायचे. मगच रंगाचा डबा आणायचा.

"कमरे में रहेगा कौन?" त्यांनी विचारलं.

"आप बस शेड नंबर देखिए," मी म्हणालो. तीन उजेड बघायला मला वेळ कुठे होता?

दोन दिवसांत खोली तयार झाली. बघतो तर भिंती निळसर, थंडगार, अगदी सरकारी दवाखान्यासारख्या. नाचता येईना अंगण वाकडं! मी दुकानदाराला बोललो, डब्याला बोललो, शेवटी मनोहरजींना बोललो. "हा बघा माझा रंग," म्हणत फोन भिंतीला टेकवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नंबर तोच होता. माझी बायको विनया पुढे आली आणि तिनं आपला फोन शेजारी धरला. त्यात तीच छटा भिंतीसारखीच निळसर दिसत होती.

"अरे, तुझा पडदा पिवळा आहे," ती शांतपणे म्हणाली.

डोळ्यांना आराम म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी फोनवर एक सोय चालू केली होती आणि विसरलो होतो. मोतीबिंदू आईला होता, पिवळं मला दिसत होतं. मनोहरजी हसले असते तर बरं झालं असतं. ते ब्रश धूत राहिले.

दुसऱ्याच दिवशी आई आली. खोलीत शिरली आणि म्हणाली, "दवाखान्यातनं सुटले होते रे मी." तिनं बॅग काही रिकामी केली नाही. रोज लागेल ती साडी वरच्या वर काढायची आणि चेन लावून टाकायची. मी ती चेन बघत बसायचो. मला भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी मनोहरजी बाल्कनीची जाळी रंगवायला आले. खोलीच्या दारात थांबले. "माताजी, आपको कौनसा चाहिए?"

हे मी तिला विचारलंच नव्हतं. अख्ख्या इंटरनेटला विचारलं होतं.

त्यांनी चार पट्टे ओढले. आईला हिंदी धड येत नाही, त्यांना मराठी नाही. ती एक डोळा झाकायची, मग दुसरा, आणि मान हलवायची. सकाळी झालं, दुपारी झालं. दिवे लागल्यावर तिनं ज्वारीच्या पिठाच्या रंगाच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "दिवेलागणीला मला सगळं अंधारून येतं. यात दार दिसतंय."

मनोहरजींना शब्द कळले नसावेत, बोट कळलं. रंग त्यांनी हातानंच कालवला. जुना रंग झाकायला तीन हात द्यावे लागले. सदऱ्याच्या बाहीवर दोन डाग शेजारी शेजारी पडले. "ये माताजी का," ते म्हणाले. मग आधीच्या हिरव्या डागावर बोट ठेवलं. "और ये आपका."

रंग वाळल्यावर आईनं हाक मारली.

"निमिष, बॅगेतल्या साड्या कपाटात लाव. आणि खालच्या फळीवर लाव रे. तू माझ्यासाठी करून घेतलेल्या त्या वरच्या फळीला माझा हात पोचत नाही."